जीटी म्हणजे नक्की काय? लान्चा आउरेलिया बी20 च्या पोटात शिरून

गाडीच्या मागे ‘जीटी’ ही दोन अक्षरं चिकटवायला हल्ली फारसं काही लागत नाही. सीटला लाल शिलाई, टायर जरा रुंद, किंमत थोडी चढी, की झाली जीटी. त्यामुळे ‘जीटी म्हणजे जास्त पळणारी गाडी’ असा समज पक्का बसलाय. नुसतं पळणं हे रेसच्या गाडीचं काम. जीटीचं, म्हणजे ग्रान तुरिस्मो गाडीचं काम वेगळं आणि माझ्या मते जास्त अवघड: दोन माणसं आणि त्यांचं सामान सातशे-आठशे किलोमीटर दूर, घाट ओलांडून, भरभर न्यायचं आणि उतरल्यावर ती माणसं जेवायला जाण्याच्या अवस्थेत असली पाहिजेत, थेट अंथरुणावर पडण्याच्या नाही.

हे नाव इटलीत आधीपासून होतं. अल्फा रोमिओने 1930 च्या सुमारास आपल्या 6सी 1750 च्या एका रूपाला ते दिलं होतं. 1947 च्या चिसितालिया 202 चं रूप तर असं की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ती आपल्या संग्रहात घेतली. पण आज जीटीकडून आपण जे जे मागतो ते सगळं एकाच गाडीत पहिल्यांदा जमून आलं ते 1951 मध्ये, ट्युरिनच्या मोटार प्रदर्शनात. ती गाडी ट्युरिनच्याच लान्चा कंपनीची आउरेलिया बी20. फेरारी, मासेराती यांच्या नावांच्या गलक्यात ती मागे पडते. इंजिन जेमतेम दोन लिटरचं, ताकद 75 अश्वशक्ती. कागदावर बघितलं तर हसू येईल असे आकडे. तरी पुढची कित्येक वर्षं इंजिनिअर मंडळी या गाडीखाली वाकून बघत होती. ती काय बघत होती, ते आपण जरा सावकाश बघू.

आधी तेव्हाचे रस्ते डोळ्यांसमोर आणा. मिलान ते नेपल्स हा आज सलग द्रुतगती महामार्ग आहे, पण तो पूर्ण झाला 1964 मध्ये. 1951 मध्ये उत्तरेत काही तुटक द्रुतगती रस्ते होते, बाकी सगळा जुन्या रस्त्यांचा कारभार. बोलोन्याहून फ्लॉरेन्सला जायचं तर रातिकोझा आणि फुता हे दोन घाट चढून-उतरून जावं लागे. ट्युरिनच्या एखाद्या कारखानदाराला रोमला काम निघालं, तर मैदानातला सरळ रस्ता, मग अपेनाइन पर्वताची वळणं, मग खेड्यांतले दगडी रस्ते, असं सगळं एकाच दिवसात पार करायचं. अशा प्रवासात माणूस कशाने थकतो? वेगाने नाही. इंजिनच्या बारीक थरथरीने, वळणावर जड नाक ओढत नेण्याने, खड्ड्यात मागची चाकं उडण्याने आणि उतारावर ब्रेक लागतील ना या धास्तीने. आउरेलियाच्या रचनेतला जवळपास प्रत्येक निर्णय या चारांपैकी कशावर तरी इलाज आहे.

इंजिनची थरथर हा त्यातला सर्वांत किचकट भाग, म्हणून तिथून सुरुवात करू.

पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. इंजिन मिनिटाला 4000 फेऱ्या फिरत असेल तर हे सेकंदाला जवळजवळ 67 वेळा घडतं. इतक्या वेळा एक धातूचा तुकडा पळवायचा आणि थांबवायचा, म्हणजे प्रत्येक वेळी इंजिनला धक्का बसणारच. एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर एकाचा धक्का दुसऱ्याने मारून टाकता येतो. आपल्या नेहमीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन वर असताना दोन खाली असतात, त्यामुळे हिशेब जुळल्यासारखा वाटतो. पूर्ण जुळत मात्र नाही. पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या टप्प्यात जास्त जोरात धावतो आणि खालच्या अर्ध्यात जरा सावकाश. म्हणजे वरची जोडी आणि खालची जोडी एकमेकींच्या बरोब्बर उलट कधीच नसतात. जो फरक उरतो तो क्रँकशाफ्टच्या एका फेरीत दोनदा इंजिनला हलवतो. शहरात हे कळत नाही. एका वेगावर चार तास चालवलं की स्टिअरिंगवरच्या तळहातांना मुंग्या येतात, त्या याच हिशेबातल्या.

सहा सिलिंडर एका ओळीत मांडले की हा उरलेला फरकही मिटतो. ओळीतल्या सहाचं इंजिन म्हणूनच लोण्यासारखं फिरतं. पण ते लांबलचक. बोनेट लांब, क्रँकशाफ्ट लांब आणि त्यामुळे पीळ पडण्याची भीती, शिवाय सगळं वजन पुढे. तुमची थरथर गेली, पण वळणावर जड नाक आलं.

मग सहा सिलिंडरचे तीन-तीनचे दोन गट करून ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे एकमेकांना कलते ठेवले तर? इंजिन जवळपास निम्म्या लांबीचं होतं. कल्पना जुनीच होती आणि 1950 च्या आधी काहींनी प्रयत्नही करून पाहिले होते. पण मोठ्या संख्येने बनवून विकण्याजोगं व्ही6 कुणाला जमलं नव्हतं, कारण इथेच घोडं पेंड खात होतं. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, एकदा पेटतो. सहा सिलिंडर असतील तर दर 120 अंशांनी एक पेटला पाहिजे, तर ताल सारखा राहतो. सोपी आणि स्वस्त रचना अशी की समोरासमोरच्या दोन सिलिंडरांनी क्रँकशाफ्टवरची एकच खुंटी, म्हणजे क्रँकपिन, वाटून घ्यायची. व्ही मधला कोन 60 अंशांचा ठेवला आणि ही वाटणी केली, तर पेटण्याचा ताल होतो 60, मग 180, मग पुन्हा 60, मग 180. लंगडा ताल. कोन वाढवून 120 अंश केला तर ताल सुधारतो, पण इंजिन इतकं पसरट होतं की स्टिअरिंगची आणि सायलेन्सरच्या पाइपांची जागाच खाऊन टाकतं.

लान्चाच्या फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलिओ या तरुण इंजिनिअरने 1943 च्या आसपास या प्रश्नाला हात घातला. ट्युरिनवर बॉम्ब पडत होते, नव्या गाड्यांचं उत्पादन तर दूरची गोष्ट, आणि हा माणूस कागदावर व्ही6 च्या धक्क्यांची गणितं मांडत बसला होता. त्याचं उत्तर असं: कोन 60 अंशच ठेवा, पण क्रँकपिन वाटून देऊ नका. सहा सिलिंडरना सहा वेगळ्या पिन द्या आणि समोरासमोरच्या जोडीतल्या दोन पिनांमध्येही 60 अंशांचं अंतर ठेवा. व्हीचा कोन आणि पिनांचं अंतर मिळून ताल बरोबर दर 120 अंशांवर येतो.

एक दुखणं तरीही उरतं. तीन सिलिंडरच्या प्रत्येक गटात पुढचा आणि मागचा पिस्टन मिळून इंजिनला लांबीच्या दिशेने डोलवू पाहतात, एकदा नाक वर, एकदा शेपूट वर. पण दे व्हिर्जिलिओच्या रचनेत दोन्ही गटांचं डोलणं एकत्र येऊन असं काही बनतं जे क्रँकशाफ्टबरोबर, त्याच्याच वेगाने, सारख्या जोराने गोल फिरतं. आणि गोल फिरणारी गडबड मोडून काढणं सोपं असतं. क्रँकशाफ्टलाच योग्य जागी उलटं वजन द्यायचं, संपलं. बारीकसा थरकाप राहतो तो इंजिनखालचे रबर पचवतात. मला या सगळ्यातला हा टप्पा सर्वांत आवडतो. धक्के शून्य करायचा हट्ट त्याने धरला नाही. सहज मारता येईल अशा रूपात ते आणून ठेवले.

या इंजिनचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा होता, आत सिलिंडरना लोखंडी अस्तर, म्हणजे लायनर. साध्या आउरेलियात, म्हणजे 1950 मध्ये आलेल्या बी10 या चार दारांच्या गाडीत, ते 1754 सीसीचं आणि 56 अश्वशक्तीचं होतं. बी20 साठी ते वाढवून 1991 सीसी केलं. कामावर देखरेख व्हित्तोरिओ यानोची. अल्फा रोमिओच्या रेसच्या गाड्या घडवून नाव कमावलेला हा माणूस युद्धापूर्वीच लान्चात आला होता. आणि खुर्चीवर जान्नी लान्चा. कंपनी काढणारे त्याचे वडील विन्चेन्झो लान्चा 1937 मध्ये गेले तेव्हा जान्नी बारा वर्षांचा पोरगा होता. आउरेलिया आली तेव्हा तो पंचविशीत होता आणि खर्चाच्या बाबतीत हात आखडता घेणं त्याला ठाऊक नव्हतं. पुढे ते अंगाशी आलं, पण त्याकडे नंतर येऊ.

छोटं इंजिन मिळालं. आता वजनाचं काय? नेहमीच्या गाडीत इंजिनला चिकटून क्लच, त्याला चिकटून गिअरबॉक्स, तिथून लांब प्रोपेलर शाफ्ट मागे जातो आणि मागच्या एक्सलवर दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक नुसतं ‘हौसिंग’ म्हणतात. लान्चाने क्लच आणि गिअरबॉक्स उचलून मागे नेले आणि डिफरन्शियलबरोबर एकाच अॅल्युमिनियमच्या खोक्यात बसवले. याला ट्रान्सअॅक्सल म्हणतात. पुढे इंजिन, मागे बाकीची जड यंत्रणा, आणि दोन्ही टोकांवर वजन जवळपास सारखं.

कावड घेऊन चालणारा माणूस आठवा. दोन्ही टोकांच्या घागरी सारख्या भरलेल्या असल्या की तो मैलोन्मैल एका लयीत चालतो, खांदा दुखत नाही. एक घागर रिकामी केली तर ओझं निम्म्यावर येऊनही त्याची चाल बिघडते. कावडीचा दुसरा गुण इतकाच महत्त्वाचा: ती घेऊन गर्रकन वळता येत नाही, कारण वजन दोन्ही टोकांना आहे आणि ते आपली दिशा सहज सोडत नाही. सर्किटवरच्या रेसच्या गाडीला हा दोष. तिला गर्रकन वळायचं असतं, म्हणून तिचं इंजिन मधोमध ठेवतात. पण ओल्या रस्त्यावर, बाजूने वारा येत असताना, ताशी दीडशेच्या वेगाने तासन्‌तास जायचं असेल तर दिशा सहज न सोडणारी गाडीच हवी. पुढे फेरारी, आल्फा, पोर्शे यांनीही आपल्या काही गाड्यांमध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असं केलं, ते याच कारणाने.

फुकट काही मिळत नाही. क्लच मागे गेल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट इंजिनचाच भाग झाला. इंजिन चालू म्हणजे शाफ्ट फिरणारच, गाडी सिग्नलला उभी असली तरी. नेहमीच्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे तो पहिल्या गिअरमध्ये सावकाश फिरतो. इथे तो कायम इंजिनच्या वेगाने, तुमच्या सीटच्या बाजूने, एका बोगद्यातून फिरत असतो. तो जराही असमतोल असेल तर दे व्हिर्जिलिओने कष्टाने घालवलेली सगळी थरथर परत येणार. म्हणून तो तुकड्यांत विभागून मध्ये रबरी कपलिंग दिले आणि काटेकोर समतोल साधला. आजही जुनी आउरेलिया घेणारा जाणकार पहिल्यांदा काय तपासतो, तर हे रबर आणि हा शाफ्ट.

दुसरी गंमत गिअरच्या दांड्याची. तो स्टिअरिंगच्या दांडीवर होता. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत पुढे बसलेल्यांना वेगळं सांगायला नको: ड्रायव्हर स्टिअरिंगच्या मागे हात घालून खटकन गिअर टाकायचा. पद्मिनीचं मूळ म्हणजे फियाट 1100, तीही ट्युरिनचीच, 1954 पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवली जाऊ लागलेली. पण पद्मिनीचा गिअरबॉक्स इंजिनजवळ, पुढेच. आउरेलियाचा पार मागे. म्हणजे हाताने हलवलेला दांडा आधी खाली, मग पूर्ण गाडीच्या लांबीतून मागच्या एक्सलपर्यंत सळ्या आणि सांध्यांनी पोहोचवायचा. इतक्या लांबून तो बऱ्यापैकी नीट चालायचा हेच नवल. तरी हौशी चालकांना तो पटेना. ट्युरिनच्याच नार्दी या दुकानाने जमिनीवर गिअरचा दांडा बसवायचं किट काढलं आणि ते धडाधड खपलं. आज बाजारात येणाऱ्या कित्येक बी20 मध्ये नार्दीचा दांडा दिसतो आणि मालक तो अभिमानाने दाखवतात.

अजून एक, खास आपल्या डोळ्यांना न खुपणारी गोष्ट. इटलीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, स्टिअरिंग डावीकडे असतं. लान्चाच्या गाड्यांचं स्टिअरिंग मात्र आपल्यासारखं उजवीकडे. जुनी परंपरा होती. आल्प्सच्या अरुंद घाटात चालकाला रस्त्याची कड आणि पुढची दरी दिसली पाहिजे, समोरच्या गाडीपेक्षा तीच जास्त धोक्याची, असं त्यामागचं कारण सांगतात. बी20 मध्ये डावीकडचं स्टिअरिंग नियमाने मिळू लागलं ते 1954 च्या चौथ्या मालिकेपासून, म्हणजे चौथ्या सुधारित आवृत्तीपासून.

आता मागची चाकं. पाट्याची स्प्रिंग आणि दोन्ही चाकांना जोडणारा घट्ट एक्सल, अशी तेव्हाची सर्वसाधारण पद्धत. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हलतं, आणि सगळा जड एक्सल रस्त्याबरोबर वरखाली नाचतो. लान्चाने प्रत्येक मागच्या चाकाला त्याचा स्वतःचा तिरका हात दिला, सेमी-ट्रेलिंग आर्म. पुढच्या तीन-चार दशकांत कितीतरी नामवंत जर्मन गाड्यांनी हीच पद्धत वापरली. विक्रीच्या गाडीत ती पहिल्यांदा आणली आउरेलियाने. शिवाय मागचे ब्रेकचे ड्रम चाकांमध्ये न ठेवता आत, डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांना लावले. कारण साधं आहे: चाकाबरोबर उडणारं वजन जितकं कमी, तितकं चाक रस्त्याला चिकटून राहतं आणि तितका धक्का तुमच्या पाठीपर्यंत कमी पोहोचतो. त्याची किंमत मोजतो मेकॅनिक. ब्रेकचं काम निघालं की त्याला चाक काढून भागत नाही, गाडीखाली आडवं व्हावं लागतं.

पुढच्या चाकांना उभ्या खांबावर वरखाली सरकणारी रचना होती, विन्चेन्झोने 1922 च्या लाम्ब्दा गाडीत आणलेली. तीस वर्षं जुनी, पण लान्चाला ती सोडवत नव्हती. टायर मिशेलिनचे नवे रेडियल, एक्स नावाचे, जेव्हा बाकी जग अजून जुन्या पद्धतीच्या टायरवर धावत होतं.

मागच्या तिरक्या हातांत एक खोड होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चाक वरखाली होताना त्याचा कलही बदलतो. वळणात जोरात असताना चालकाने दचकून एकदम पाय उचलला, तर मागचा भाग हलका होतो, चाकं कल बदलतात आणि गाडी शेपूट मारते. सराईत चालकाला ते आवडायचं. पण ताकद वाढत गेली तशी ही खोड सगळ्यांना परवडेना. 1953 मध्ये तिसरी मालिका आली ती 2451 सीसी आणि 118 अश्वशक्ती घेऊन. पुढच्याच वर्षी चौथ्या मालिकेत लान्चाने स्वतःची नवी पद्धत बाजूला ठेवून दे दिओन नावाची जुनी पद्धत आणली. तीत एक हलकी नळी दोन्ही चाकांना जोडते आणि सरळ उभं ठेवते, डिफरन्शियल मात्र गाडीच्या अंगाला पक्कं, चाकांबरोबर नाचत नाही. आपणच जगाला दाखवलेली गोष्ट चार वर्षांत मागे घ्यायला जिगर लागते.

गाडीच्या अंगाबद्दल, म्हणजे बॉडीबद्दल, थोडक्यात. रेखाटनाची सुरुवात गिया या कारखान्यातल्या मारिओ बोआनोने केली असं मानतात, बांधणी मुख्यतः पिनिन फारिनाने केली. बी10 पेक्षा चाकांमधलं अंतर 20 सेंटिमीटरने कमी. छत मागे एका रेषेत उतरत जातं, क्रोमची झालर जवळजवळ नाही, कुठे फुगवटा नाही. ती फोटोत साधी वाटते. प्रत्यक्षात बाजूने बघितलं तर तिच्यात एकही रेष उगाच नाही. पुढे दोन मोठी माणसं, मागे मुलं किंवा बॅगा.

एवढं सगळं कागदावर छान. रस्त्यावर? प्रदर्शनानंतर काही दिवसांतच, एप्रिल 1951 च्या शेवटी, मिल्ले मिल्या ही ब्रेशा ते रोम आणि परत अशी सोळाशे किलोमीटरच्या आसपासची शर्यत होती, सामान्य रस्त्यांवर. पाऊस पडत होता. जिंकली लुइजी व्हिलोरेसीची 4.1 लिटरची बारा सिलिंडरची फेरारी. तिच्या मागे सुमारे वीस मिनिटांनी दुसरी कोण, तर जोव्हान्नी ब्राक्को आणि उम्बेर्तो माल्योली यांची आउरेलिया बी20. निम्म्याहून लहान इंजिन, तेरा तास ओला रस्ता, आणि फरक वीस मिनिटांचा. ताकदीचा हिशेब लावला तर हा निकाल जुळतच नाही. वजन, चाकं आणि न थकलेला चालक हे धरले तरच जुळतो. त्याच वर्षी ल माँच्या 24 तासांत तिने दोन लिटरचा गट जिंकला, पुढच्या वर्षी सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओत पहिले तिन्ही क्रमांक बी20 चे होते.

मला विचाराल तर या सगळ्यांपेक्षा मोठा पुरावा 1953 च्या लिएज–रोम–लिएज रॅलीचा. बेल्जियमहून निघून आल्प्सचे घाट ओलांडत रोमला जायचं आणि परत यायचं, दिवस-रात्र, जवळपास न थांबता. जॉनी क्लेस हा बेल्जियन चालक, जो जॅझ वाजवणारा कलावंतही होता, आपल्या बी20 मध्ये निघाला. वाटेत त्याचा सहचालक आजारी पडला. उरलेला बहुतेक सगळा रस्ता क्लेसने एकट्याने चालवला आणि रॅली जिंकली. जोडीदाराला आराम देऊन आळीपाळीने चालवायची शर्यत एका माणसाने काढली, याला क्लेसचा दम कारण आहेच. पण तोच माणूस थरथरणाऱ्या, नाकजड गाडीत असता तर? 1954 ची मोन्ते कार्लो रॅलीही लुई शिराँने बी20 नेच जिंकली. तेव्हा शिराँचं वय चौपन्नच्या पुढे होतं. या वयाचा माणूस बर्फातली रॅली जिंकतो, ही जीटी गाडीची जाहिरात कुठलीही कंपनी विकत घेऊ शकत नाही.

आणि तरी लान्चा बुडत गेली. अॅल्युमिनियमचा ब्लॉक, सहा पिनांचा क्रँकशाफ्ट, मागचा गिअरबॉक्स, आतले ब्रेक. प्रत्येक गोष्ट योग्य, आणि प्रत्येक गोष्ट महाग. शेजारची फियाट त्याच शहरात साध्या गाड्या लाखांनी विकत असताना बी20 सात वर्षांत चार हजारसुद्धा बनल्या नाहीत. त्यात जान्नीने आधी स्पोर्ट्स गाड्यांची टीम आणि मग 1954 मध्ये फॉर्म्युला वनची डी50 उतरवली. मे 1955 मध्ये त्यांचा मुख्य चालक आल्बेर्तो आस्कारी एका फेरारीची चाचणी घेताना गेला. दोनच महिन्यांत लान्चाने रेसचा सगळा सरंजाम फेरारीच्या हवाली केला, आणि त्यावरच बांधलेल्या गाडीत हुआन मानुएल फान्जिओने 1956 चं जागतिक विजेतेपद मिळवलं. कंपनी लान्चा कुटुंबाच्या हातून सिमेंटवाल्या कार्लो पेझेन्तीकडे गेली आणि 1969 मध्ये फियाटकडे. यानो मात्र फेरारीत पोहोचला आणि तिथे त्याने डिनोच्या व्ही6 इंजिनांवर काम केलं. दे व्हिर्जिलिओ लान्चातच राहिला. त्याचं व्ही6 पुढे फ्लामिनिया या गाडीत चाललं.

बी20 ची शेवटची गाडी 1958 मध्ये बाहेर पडली. सहा मालिकांपैकी कुठली सरस, यावर जुन्या गाड्यांचे शौकीन अजून भांडतात. बाजार पहिल्या-दुसऱ्या मालिकेमागे आणि ताकदवान तिसरीमागे धावतो, कारण त्या हलक्या आणि शर्यतींच्या इतिहासाला जवळच्या. पाचवी आणि सहावी अश्वशक्तीत थोड्या उतरल्या, पण कमी फेऱ्यांवरची ओढ वाढली, म्हणजे घाटात गिअर कमी बदलावा लागतो. मी मात्र चौथी उचलेन. 118 अश्वशक्ती जवळपास तशीच, मागे दे दिओनची नळी, वळणात पाय उचलला तरी शेपूट जागच्या जागी. तीत चालकाला पराक्रम करायला कमी वाव आहे. मला रोमला पोहोचून जेवायचं आहे.